जुनं मराठी गद्य: आधी कोणतं पुस्तक, आणि कोणती आवृत्ती?

बोरूटाक

जुन्या मराठी गद्याबद्दल कुणी विचारलं की प्रतिसादांत वीस नावांची यादी पडते. यादी बरोबर असते, पण कामाची नसते. तिच्यात ना क्रम असतो ना आवृत्ती. विचारणारा उत्साहाने चिपळूणकरांची निबंधमाला उघडतो, तिसऱ्या पानावर अडकतो आणि पुस्तक परत फळीवर.

म्हणून या धाग्यात पुस्तक सुचवताना एवढं लिहा: पहिल्यांदा कधी आलं, आज कोणती आवृत्ती घ्यावी, भाषा कुठे अडते, आणि वाचक साधारण कुठे सोडून देतो. नुसतं 'अवश्य वाचा' नको. मर्यादा ढोबळ आहे: १९५० पूर्वीचं गद्य. नाटक आणि पद्य वेगळ्या धाग्यात घेऊ.

माझं मत आधीच सांगतो. कालक्रमाने वाचू नये. १८४८ पासून सुरुवात करून पुढे येणारे बहुतेक जण १८८० ला पोचत नाहीत. उलटं जावं. बोलीच्या जवळचं आधी, ग्रांथिक नंतर.

---

जुनंपान

मग सुरुवात लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'पासून, याबद्दल वाद नसावा. १९३४ पासून चार भागांत आलं. वाक्यं लहान, शब्द घरातले, विनोद कोरडा. शब्दकोश लागतच नाही म्हटलं तरी चालेल. अडलं तर सोवळ्याओवळ्याचे आणि ख्रिस्ती मंडळींच्या व्यवहाराचे शब्द अडतात, तेही संदर्भाने कळतात.

आवृत्तीची मेख इथेच आहे. या पुस्तकाची संक्षिप्त आवृत्तीही बाजारात मिळते आणि ऑनलाइन दुकानांत दोन्हींचं नाव सारखंच दिसतं. मागवण्याआधी दोन गोष्टी बघा. मुखपृष्ठावर किंवा आतल्या पानावर 'संक्षिप्त' आहे का, आणि अनुक्रमणिकेत चारही भाग वेगळे दिसतात का. फोटो नसेल तर विक्रेत्याला अनुक्रमणिकेचा फोटो मागा, बहुतेक जण पाठवतात. संक्षिप्त वाईट नाही, पण लक्ष्मीबाईंची गंमत आडवळणांत आहे आणि काटछाटीत पहिली जातात ती आडवळणंच.

चौथा भाग अपुरा राहिला होता, तो त्यांच्या मुलाने पूर्ण केला. शेवटाकडे आवाज बदललेला वाटला तर तुमचं वाचन चुकत नाहीये.

याच्या पाठोपाठ रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०). प्रस्तावना गोपाळ कृष्ण गोखल्यांची. चाल संथ आहे आणि सूर आदबीचा. 'स्मृतिचित्रे'आधी वाचलं तर कंटाळा येण्याची शक्यता, नंतर वाचलं तर मात्र त्या आदबीखाली काय दडलंय ते दिसायला लागतं.

---

तिठा

क्रमाशी असहमत. गद्य शिकायचं तर जिथे ते घडलं तिथे जावं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला १८७४ ते १८८१, एकूण ८४ अंक. पुढच्या पन्नास वर्षांच्या मराठी वाक्याची घडण तिथून आली. ती टाळून बाकी वाचणं म्हणजे पाया सोडून गच्चीवर चढणं.

---

खडूफळा

@तिठा, पाया पाहायला आधी घरात तरी शिरू द्या लोकांना :)

निबंधमाला का अडते ते नेमकं सांगतो, म्हणजे टाळायची की कशी घ्यायची ते ठरेल. शब्द संस्कृत आहेत ही अडचण दुय्यम. मुख्य अडचण वाक्याची. एका वाक्यात 'जो-तो', 'जेव्हां-तेव्हां', 'जरी-तरी' अशा दोनतीन जोड्या एकमेकींत अडकलेल्या असतात आणि क्रियापद शेवटी येतं. डोळ्याने वाचताना पहिला 'जो' विसरतो. उपाय साधा आहे: पेन्सिलीने 'जो'ला आणि त्याच्या 'तो'ला सारखी खूण करा. दहा पानं केलंत की मग गरज पडत नाही.

आणि पूर्ण संच घेऊन बसू नका. एक निबंध निवडा, तो संपवा, आठवडाभर दुसरं वाचा. अंकाअंकाने आलेलं लेखन आहे ते, तसंच वाचावं.

त्याच काळातलं सोपं हवं असेल तर आगरकरांचं 'डोंगरीच्या तुरुंगांतील आमचे १०१ दिवस' (१८८२). छोटंसं पुस्तक, विषय ठोस: तुरुंगातलं अन्न, खोली, दिनक्रम, लोकमान्य टिळकांशी वाद. ठोस विषय असला की जुनी भाषा निम्मी सोपी होते.

---

कोरडवाहू

यादी अजून पुण्याच्या पेठांतच फिरतेय. जोतीराव फुल्यांना कुठे ठेवताय?

'गुलामगिरी' (१८७३) संवादरूपात आहे. धोंडिबा विचारतो, जोतीराव उत्तर देतात. त्यामुळे वाचायला हलकी. 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) गद्य म्हणून जास्त ताकदीचा, पण सरळ पहिल्या पानापासून शेवटापर्यंत वाचणारे तिसऱ्या प्रकरणात अडकतात. एकूण प्रकरणं पाच. तिसरं आर्यांच्या इतिहासाकडे जातं आणि तिथे आज वाचणाऱ्याची दमछाक होते. माझा सल्ला: पहिलं, मग चौथं, मग दुसरं, पाचवं आणि शेवटी तिसरं. चौथ्या प्रकरणात शेतकऱ्याच्या घरादाराचं आणि शेतीच्या तेव्हाच्या स्थितीचं वर्णन आहे. वस्तू, जागा, खाणंपिणं, सगळं नावानिशी. त्या काळच्या मराठीत गरिबीचं इतकं तपशीलवार गद्य दुसरीकडे शोधावं लागेल.

आवृत्ती: महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचं 'महात्मा फुले समग्र वाङ्मय', मूळ संपादन धनंजय कीर आणि स. गं. मालशे (१९६९). सुटी पुस्तकं स्वस्त मिळतात, पण काहींत तळटीपा गाळलेल्या असतात. असूडात तळटीपा शोभेच्या नाहीत. अर्धा मार तिथे आहे. सुटी प्रत घेणार असाल तर पहिल्या प्रकरणाची चारपाच पानं चाळा. तळाला एकही टीप दिसली नाही तर ठेवून द्या.

ताराबाई शिंदे यांची 'स्त्रीपुरुष तुलना' (१८८२) यालाच जोडून. मालशेंनीच १९७५ साली ती पुन्हा उजेडात आणली. छोटी पुस्तिका, पण परिच्छेद जवळजवळ नाहीत. एका दमात भांडावं तसं लिहिलंय. मोठ्याने वाचा. डोळ्यांना जिथे विराम सापडत नाही तिथे जिभेला सापडतो.

---

पागोळी

'माझा प्रवास' अजून कुणी काढलं नाही याचं नवल वाटतं. विष्णुभट गोडसे, राहणार वरसई, १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत अडकलेला भिक्षुक. पण सुचवताना 'कोणतं माझा प्रवास' हे सांगायलाच हवं, कारण पुस्तकं दोन आहेत.

एक १९०७ चं, चिंतामण विनायक वैद्यांनी छापलेलं. त्यांनी भाषेवर हात फिरवला आणि मजकुरात काटछाटही केली. दुसरं १९६६ चं, दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून दिलेलं. बाजारातल्या अनेक स्वस्त प्रती पहिल्यावरून निघालेल्या असतात आणि तसं सांगतही नाहीत. ओळखायचं कसं? प्रस्तावना बघा. पोतदारांचं आणि मोडी हस्तलिखिताचं नाव नसेल तर वैद्यांचा पाठ समजा.

पहिल्या वाचनाला वैद्यांचा पाठ चालेल, भरभर जातो. भाषेसाठी वाचत असाल तर मूळच. भटजींच्या बोलण्याची लय तिथे आहे.

आणखी एक सवय लावून घ्या. समासात दोन खुणा करत चला: 'पाहिलं' आणि 'ऐकलं'. कानपूरकडची हकीकत त्यांच्या कानावर आलेली आहे. झाशीच्या वेढ्यात (मार्च-एप्रिल १८५८) मात्र ते स्वतः शहरात होते. दोन्हींचा सूर ते सारखाच ठेवतात, त्यामुळे सगळंच डोळ्यांनी पाहिलेलं वाटतं. पुस्तकावरून वाद घालणारे निम्मे लोक इथे घसरतात.

---

नवखा_वाचक

छान चाललंय. एक बाळबोध प्रश्न. जुन्या छपाईत जिकडेतिकडे अनुस्वार असतात: नाहीं, कांहीं, तूं, घरें, त्यानें. वाचताना नाकात बोलल्यासारखं वाटतं. ते सगळे सोडून द्यायचे का?

---

खडूफळा

बाळबोध अजिबात नाही. उच्चारात सोडा, वाचनात सोडू नका.

मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांनी हे अनुच्चारित अनुस्वार काढले. 'नाहीं, कांहीं, गांव, नांव, पांच' इथले केवळ व्युत्पत्तीचे, त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं तर काही बिघडत नाही. पण काही ठिकाणी टिंब व्याकरण सांगतं:

'ती आली' म्हणजे एक बाई आली. 'तीं आलीं' म्हणजे मुलं आली, नपुंसकलिंगी अनेकवचन. आजच्या लेखनात दोन्ही 'ती आली'.

'तो जातो', पण 'मी जातों'. कर्ता गाळलेला असेल तेव्हा नुसतं 'जातों' दिसलं की बोलणारा स्वतःबद्दल सांगतोय हे कळतं. आत्मचरित्रांत याचा फार उपयोग होतो.

'आम्ही गेलों', पण 'आम्हीं केलें'. दुसऱ्यात तृतीया आहे.

उलटही एक आहे. जुन्या छपाईत 'घरांत' एका घरालाही आणि अनेक घरांनाही. आज आपण एकवचनी 'घरात' लिहून फरक करतो. म्हणजे 'गांवांत' वाचून लगेच अनेक गावं समजू नका.

जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढताना हे अनुस्वार सरसकट काढतात आणि त्यात 'तीं'चं 'ती' होऊन मुलांची बाई होते. नव्या प्रतीत एखादं वाक्य कर्त्याशी जुळत नसेल तर आधी हा संशय घ्या. मात्र जुने छापखानेही एकसारखे नव्हते. एकाच पानावर 'कीं' आणि 'की' दोन्ही सापडतात, तेव्हा फार कीस काढू नये.

याखेरीज 'जाहला' म्हणजे झाला, 'करोन' म्हणजे करून, 'मजकूर इसम' म्हणजे वर सांगितलेला माणूस, 'बरहुकूम' म्हणजे प्रमाणे. एवढ्यावर बरंच भागतं.

---

अर्धाआणा

कोशांचं सांगतो. मोल्सवर्थ (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) आणि दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश (सात विभाग, १९३२ ते १९३८) हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. शोध रिकामा आला की लोक म्हणतात 'शब्दच नाही'. शब्द असतो, टिंब नसतं. 'नाव' नव्हे, 'नांव' टंका. 'गाव' नव्हे, 'गांव'. क्रियापद असेल तर 'णें' लावून बघा: करणें, जाणें. फारसी वळणाचा शब्द असेल आणि तिथे समाधान झालं नाही तर माधवराव पटवर्धनांचा फार्शी-मराठी कोश (१९२५).

मोजमापं एकदा पाठ करून टाका, मग प्रवासवर्णनं उलगडतात. दिवसाच्या ६० घटका, म्हणजे एक घटका २४ मिनिटांची. साडेसात घटकांचा प्रहर, म्हणजे तीन तास. 'चार घटका रात्र झाली' म्हणजे सूर्यास्तानंतर साधारण दीड तास, 'दोन घटका दिवस राहिला' म्हणजे मावळायला पाऊण तास. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे किंवा १२ पै. शक दिला असेल तर ७८ मिळवा: शके १७७९ म्हणजे १८५७. पण पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची तिथी असेल तर ७९, कारण इंग्रजी वर्ष मध्येच बदललेलं असतं. तारखांचे घोळ बहुतेक या तीन महिन्यांतले असतात.

शेर आणि मण यांचं किलोत रूपांतर करू नका. चाळीस शेरांचा मण ठीक, पण शेर गावागणिक बदलायचा.

---

कोरडवाहू

मोजमापांवरून त्रिंबक नारायण आत्र्यांचा 'गांव-गाडा' (१९१५). कादंबरी नाही, गावाच्या कारभाराचं बारकाईने केलेलं वर्णन. वतनं, बलुतं, फिरस्ते, सण, बाजार. लोक सोडतात ते पहिल्या पन्नास पानांत, कारण हक्क आणि वतनांचे शब्द एकदम अंगावर येतात. त्यावर उपाय म्हणजे आधी मोल्सवर्थमधली 'बलुतेदार' ही एकच नोंद पूर्ण वाचा. थोरली, मधली, धाकटी अशा तीन कासा (म्हणजे बलुतेदारांचे वर्ग) आणि त्याप्रमाणे बलुत्याचा कमीजास्त वाटा, हा सांगाडा तिथे मिळतो. मग 'काळी' म्हणजे शेतजमीन आणि 'पांढरी' म्हणजे वस्ती, एवढं लक्षात ठेवलं की गाडा चालू लागतो. जमिनीचं माप: २० काठ्यांचा पांड, २० पांडांचा बिघा.

आणि डोळे उघडे ठेवून वाचा. आत्रे महसूल खात्यातले अधिकारी. फिरस्त्या जमातींबद्दल लिहिताना त्यांची नजर सरकारी आहे, पूर्वग्रह स्पष्ट दिसतात. म्हणून एकटं सुचवत नाही, बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) बरोबर सुचवतो. साल धाग्याच्या मर्यादेबाहेर आहे, बोरूटाक यांनी चालवून घ्यावं. तीच व्यवस्था खालून कशी दिसते ते त्यात आहे.

---

बोरूटाक

चालवून घेतलं, जोडी योग्य आहे.

कादंबरी राहिली. हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो!'. 'करमणूक' या त्यांच्याच साप्ताहिकात १८९० पासून क्रमशः आली. यमू स्वतः बोलते, त्यामुळे भाषा घरगुती आहे. अडचण लांबीची. पाल्हाळ आहे हे खरं, पण तो आठवड्याच्या हप्त्याचा पाल्हाळ आहे. मागचं विसरलेल्या वाचकाला आठवण करून द्यायची, पुढच्या अंकापर्यंत धरून ठेवायचं. शनिवार-रविवार एका बैठकीत वाचायला घेतली तर तेच तेच वाटणारच. दिवसाला दोन प्रकरणं, त्याहून जास्त नाही. संक्षिप्त प्रती इथेही फिरतात, जुनंपान यांनी सांगितलेली खबरदारी घ्या.

रोजचा छोटा घास हवा असेल तर लोकहितवादींची शतपत्रं. भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'मध्ये १८४८ ते १८५० दरम्यान आली. नाव शतपत्रं, प्रत्यक्षात १०८. बहुतेक पत्रं लहान, एकेक मुद्दा. क्रमाने वाचायची गरज नाही, विषय बघून उचला. सलग वाचली तर त्राग्याचा सूर एकसुरी होतो.

---

सांतेर

गोव्याकडून एक भर. जुनं म्हणताय तर फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण', १६१६, राचोल, छपाई रोमन लिपीत पण भाषा मराठी. अकरा हजारांच्या आसपास ओव्या.

---

बोरूटाक

@सांतेर, पद्य! पण पद्याचा धागा निघाला की पहिला प्रतिसाद तुमचाच.

---

नवखा_वाचक

यातली फुकट आणि रीतसर कोणती मिळतील? मी महाराष्ट्राबाहेर आहे, ग्रंथालय जवळ नाही.

---

अर्धाआणा

आधी कायदा. भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. लक्ष्मीबाई (निधन १९३६), रमाबाई रानडे, आगरकर, फुले, आपटे, आत्रे सगळे मोकळे झालेत. पण नव्या आवृत्तीतली संपादकाची प्रस्तावना, टीपा आणि अनुवाद यांचा हक्क वेगळा. लेखकाच्या पश्चात पहिल्यांदा छापलेल्या मजकुराची साठ वर्षं प्रकाशनापासून मोजतात. म्हणून गोडश्यांचा १९०७ चा पाठ बिनघोर घ्या, १९६६ चा मात्र हिशेब करून.

कुठून घ्यायचं: साहित्य संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर त्यांची स्वतःची बरीच प्रकाशनं पीडीएफमध्ये उतरवून घेता येतात. मराठी विकिस्रोतावर टंकलेला मजकूर आहे, शोधायला सोयीचा, पण काही पुस्तकं अर्धवट. इंटरनेट अर्काइव्हवर सर्वांत जास्त माल आणि सर्वांत जास्त घोळ.

तिथले घोळ असे. नावं रोमनमध्ये आणि मनाला येईल तशी: 'झ'साठी कुणी झेड लिहितं, कुणी जे-एच, म्हणून तीनचार स्पेलिंगं करून बघा, लेखकाच्या आडनावानेही शोधा. साल बहुधा पुनर्मुद्रणाचं असतं. स्कॅनमध्ये पानं गळालेली असतात. उतरवण्याआधी शेवटचा छापील पृष्ठांक आणि फाइलमधली पानं ताडून पाहा, दोनचार पानांचा फरक मुखपृष्ठाचा, दहाबाराचा असेल तर दुसरी प्रत शोधा. तळटीप कापली गेलीय का तेही बघा, विशेषतः फुल्यांच्या बाबतीत. शिळाप्रेसवरची (दगडावरून छापलेली) पुस्तकं मोबाइलवर वाचायच्या भानगडीत पडू नका, निदान दहा इंची टॅब्लेट हवा. त्यांतला मजकूर शोधताही येत नाही.

छापीलच पाहायचं असेल आणि वर्षातून एकदा इकडे येणं होत असेल तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (स्थापना १८९८) किंवा ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३). जाण्याआधी फोन करून दुर्मिळ विभागाच्या वेळा विचारा. पुस्तकाचं नाव, लेखक आणि साल कागदावर लिहून न्या, जुन्या अनुस्वारांसकट.

---

तिठा

निबंधमालेवर माझं मत कायम आहे. पण 'जो' आणि 'तो'ला खुणा करण्याची युक्ती आवडली. नवख्यांनी 'स्मृतिचित्रे' संपवून मालेकडे आलात तरी हरकत नाही. पहिला अंक नको, वक्तृत्व किंवा भाषेवरचा निबंध घ्या.

---

नवखा_वाचक

ठरलं. 'स्मृतिचित्रे' चारही भाग, मग डोंगरी, मग असूड १-४-२-५-३. विक्रेत्याने अनुक्रमणिकेचा फोटो पाठवलाय. त्यात भाग दिसत नाहीत, नुसते प्रकरणांचे आकडे आहेत, आणि एकूण पानं दोनशेच्या आत.

---

जुनंपान

संक्षिप्तच आहे. दोनशे पानांत चार भाग मावत नाहीत. नको म्हणा आणि दुसरीकडे 'संपूर्ण, चार भाग एकत्र' असं लिहून मागवा.